समोरच्याचं घड्याळ

इंजिनिअरसाहेबांनी हत्ती दोन घरं सरकवला, चष्मा कपाळावर ढकलून आपली चाल कागदावर लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि चहा आणायला उठून गेले. घड्याळाचं बटण दाबायचं मात्र विसरले. समोर बसलेला थंडोबा आधी त्यांच्या पाठीकडे आणि मग घड्याळाकडे बघत राहिला. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तोंडं असतात, एक याचं, एक त्याचं. आपली चाल झाली की बटण दाबायचं, म्हणजे आपली वेळ थांबते आणि समोरच्याची चालू होते. दाबलं नाही तर आपलीच वेळ गळत राहते, आणि सगळी गळून गेली की पटावर काहीही असो, डाव गेला. साहेबांच्या बाजूला सव्वीस मिनिटं होती. ती पंचवीस एकोणसाठ झाली, अठ्ठावन्न झाली. थंडोबाच्या बाजूची नऊ मिनिटं नऊच्या नऊ शाबूत होती.

थंडोबा हे नाव त्याला खेळाडूंनी दिलेलं. डाव जिंकत असो की हरत असो, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, म्हणून थंडोबा. वय चव्वेचाळीस, ग्रँडमास्टर होऊन एकवीस वर्षं झालेली. आत काय शिजतंय ते कोणाला कळत नसे, हे त्याच्या पथ्यावर पडलं होतं. आजही त्याने हनुवटी तळहातावर ठेवली आणि विचारात गढल्यासारखा पटाकडे बघू लागला. विचार कसला करायचा? काही न करता बसून राहायचं, एवढंच काम होतं. साहेब परत येतील, हा विचार करतोय असं समजून गप्प बसतील, आणि पंचवीस मिनिटांनी त्यांचं घड्याळ शून्यावर येईल. समोरच्याला आठवण करून द्यायचं बंधन कुठल्याही नियमात नाही. द्यायची असेल तर देतात, बोटाने घड्याळाकडे खूण करतात, नाही तर नाही. चांगले-चांगले देत नाहीत.

आणि गुण तर त्याला हवाच होता. एका छापखान्याच्या उपाहारगृहात जेवणाची टेबलं जोडून त्यांच्यावर पट मांडले होते, रविवारचे पावणेबारा वाजले होते, कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धेची ही शेवटची फेरी. त्याच्या संघाचे बाकीचे तिन्ही डाव संपले होते आणि संघ जिंकून मोकळा झाला होता, त्यामुळे त्याच्या डावाचं आता कोणाला देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं ते त्याचं एकट्याचं. वीज कंपनीने त्याला वीस वर्षांपूर्वी खेळण्यासाठी म्हणून नोकरीत घेतलं होतं. महिन्यातून एकदा सही करायला जायचं, बाकीचा वेळ पट. या वर्षी क्रीडा अधिकाऱ्याने त्याला बोलावून घेतलं. हा गृहस्थ चौदा वर्षं त्या खुर्चीवर होता, पण घोडा कसा चालतो हे त्याला अजून सांगावं लागायचं. "नऊ फेऱ्यांत साडेपाच गुण झाले पाहिजेत. नाही तर पहिला पट संघात आलेल्या त्या नव्या मुलीला द्यायचा आणि तुम्हाला खात्यात बसवायचं, असं वरून आलंय. नियम माझा नाही." खातं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा तक्रार विभाग, अकरा ते सहा. आठ फेऱ्यांत त्याचे साडेचार झाले होते. आज जिंकला तर साडेपाच. बरोबरी झाली तर पाच, म्हणजे तिसरा मजला.

साहेब काउंटरजवळ कपात साखर ढवळत उभे होते. ढवळतच होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी खात्याच्या संघात अजून त्यांनाच घेत. थंडोबाला ते त्याच्या दहाव्या वर्षापासून ओळखत. त्यांना किताब मिळाला नव्हता, मिळावा असं वाटल्याचंही कधी दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं सुटीच्या दिवशी येऊन खेळायचे, हरले तर स्वतःला शिव्या घालायचे, जिंकले तर समोरच्याला चहा पाजायचे. घड्याळ मात्र कधी विसरले नव्हते. उलट त्यांचा तो ठोका प्रसिद्ध होता, पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकायचा. मग आज काय झालं? वय झालं म्हणायचं, दुसरं काय. बावीस मिनिटं.

पंच टेबलांमधून फेऱ्या मारत होता. एरवी तो शाळेत चित्रकला शिकवतो. त्याने चालता चालता घड्याळ पाहिलं, थबकला, परत पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. पण पंचाला अशा वेळी तोंड उघडता येत नाही, तसा नियमच आहे. त्याने थंडोबाकडे एक नजर टाकली आणि हात मागे बांधून पुढे निघून गेला. त्या नजरेत ठपका नव्हता. थोडं कुतूहल होतं, बस. तरी थंडोबाचे कान गरम झाले. असे कान याआधी एकदाच गरम झाले होते, वयाच्या बाराव्या वर्षी, परगावच्या एका स्पर्धेत. समोरचा मुलगा असाच बटण दाबायचं विसरून खिडकीबाहेर बघत बसला होता आणि याने कसलाही विचार न करता सांगून टाकलं होतं, "ए, तुझं घड्याळ चालू आहे." मुलाने बटण दाबलं आणि तासाभरात याला हरवलं. येताना बसमध्ये वडील चार तास काही बोलले नाहीत. रागावलेले दिसत नव्हते. खिडकीशी बसून त्यांनी संत्रं सोललं, शिरा काढून एकेक फोड याच्या हातात ठेवली, आणि संत्रं संपल्यावर सालं कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "चांगलं केलंस. पण पुढच्या वेळी त्याचं काय ते त्याचा बाप बघेल." त्यानंतर थंडोबाने कोणाला कधी सांगितलं नाही. बत्तीस वर्षांत असे तीन डाव त्याला फुकट मिळाले, आणि तिन्ही वेळा तो चेहऱ्याची रेष न हलवता बसून राहिला होता.

वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. मारकुटे नव्हते, ओरडायचेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान उलट बोलता आलं असतं. ते गुपचूप सोडून द्यायचे, एकेक गोष्ट. मोठ्या गावातल्या मोठ्या इस्पितळाने बोलावलं होतं, गेले नाहीत, कारण तिथे याला बुद्धिबळ शिकवायला कोणी नव्हतं. ताई पोहायची, चांगली पोहायची, जिल्ह्यात दुसरी आली होती. पण तिच्या सरावाला सकाळी सोबत जायचं कोणी, तर वडील याला घेऊन स्पर्धांना आणि आई घरात अंथरुणाला खिळलेली. मग तिचं पोहणं बंद झालं. ताईने कधी बोलून दाखवलं नाही, आणि हे न बोलणं याच्या अंगाला जास्त लागलं. घरातल्या प्रत्येकाने आपलं काही ना काही आणून त्या पटाखाली ठेवलं होतं आणि वर हा बसला होता, उठायची सोय नव्हती. तेविसाव्या वर्षी किताब मिळाला तेव्हा वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कुणी बघेल म्हणून. त्या दिवशी त्याला खरंच आनंद झाला होता. त्यात खोट नाही. लहानपणी तर तो खेळ त्याला इतका आवडायचा की जेवताना वरणात बोट फिरवून चाली बघायचा.

मग कधी उतरली ती आवड? याचं उत्तर त्याला तारीखवार ठाऊक होतं, फक्त स्वतःशी म्हटलं नव्हतं. एकतिसाव्या वर्षी, एका लांबच्या स्पर्धेत त्याने त्या काळच्या एका फार मोठ्या खेळाडूला हरवलं. सगळे टाळ्या वाजवत होते. खोलीवर आला आणि न्हाणीघरात जाऊन भडाभडा ओकला. आनंद सोसला नाही, असं त्याने बायकोला फोनवर सांगितलं, तीही हसली. दुसऱ्या दिवशी डावाआधी परत तसंच झालं. तेव्हापासून आजतागायत डावाच्या दिवशी त्याच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, श्वासाचे व्यायाम झाले. बायको दातांच्या कवळ्या बनवते, दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळते, तिला शरीराची भाषा कळते. ती एकदा म्हणाली होती, "अरे, तुझं पोट तुला काहीतरी सांगतंय." तो म्हणाला होता, "त्याला म्हणावं, स्पर्धा झाल्यावर सांग." आणि एक स्पर्धा झाली की दुसरी असायचीच. पहाटे सहाला उठून डावाच्या नव्या सुरुवाती पाठ करायच्या, परक्या खोल्यांतल्या जड पडद्यांमागे बसून करायच्या, विमानतळावर मांडीवर छोटा पट ठेवून करायच्या. मागे राहिलं तर विशीतली पोरं गिळून टाकतात. तो मागे राहिला होता आणि ती गिळत होती.

साहेब चहा घेऊन आले. खुर्ची न वाजवता सरकवून बसले, पटावर एक नजर टाकली, याच्यावर टाकली, आणि डोळे मिटून मागे टेकले. घड्याळाकडे पाहिलंच नाही. अठरा मिनिटं चाळीस. थंडोबा पटाकडे बघत होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट गिरक्या घेत होती: बघा ना. साहेब, एकदा बघा ना घड्याळाकडे. डोळे उघडा, मान थोडी डावीकडे वळवा, एवढंच. सतरा पन्नास. अहो बघा.

आणि तो चमकला. आपण काय मागतोय हे त्याच्या ध्यानात आलं. इथे आपल्या नोकरीचा, नावाचा, सगळ्या आयुष्याचा गुण आयता चालत येतोय, आणि आपण देव पाण्यात घालून बसलोय की तो येऊ नये. हा प्रामाणिकपणा नव्हता. प्रामाणिकपणा असता तर ते तीन डाव त्याने कसे पचवले असते? त्याने स्वतःला खोदून खोदून विचारलं, डावातली एखादी नाजूक जागा तपासावी तसं. साहेबांची दया येते का? नाही, साहेब मजेत आहेत. पंचाची लाज वाटते का? थोडी, पण तिने कोणाचं पोट दुखत नाही. मग राहिलं एकच. त्याला तो गुणच नको होता. साडेपाच झाले की पुढचं वर्ष, पुढच्या वर्षाच्या पहाटा, पडदे, न्हाणीघरं. गेल्या आठवड्यात तो कोणाला न सांगता तिसऱ्या मजल्यावर जाऊन आला होता. आपल्या वाट्याला येणारं टेबल त्याने पाहिलं. खिडकीशी होतं. खण ओढून बघितला, तर आत दोन शिक्के, वाळलेलं शाईचं पॅड आणि कुणाचा तरी कंगवा. शेजारच्या टेबलावरची बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो आजी, माणूस निघालाय, तासाभरात येतील तुमचे दिवे." आणि फोन ठेवून तिने जांभई दिली. ती जांभई बघून आपल्याला वाईट वाटलं, आपली ही दशा होणार म्हणून, असं तो आठवडाभर धरून चालला होता. वाईट वाटलं नव्हतं. हेवा वाटला होता.

त्याने हात पुढे केला आणि घड्याळाच्या शेजारी बोटाने दोनदा टकटक केलं. "साहेब. तुमचं बटण."

साहेबांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा कावराबावरा झाला. "अरे, अरे. बघ काय झालंय मला. आणि तू कधीपासून..." त्यांनी बटणाकडे हात नेला, थांबले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बरोबरी घ्यायची का?" मग त्यांनी बटण दाबलं, आज हळूच.

आता थंडोबाची नऊ मिनिटं चालू झाली. बरोबरीचा प्रस्ताव आला की त्याची रीत ठरलेली असते. तो घ्यायचा तर हात पुढे करायचा, नको असेल तर आपली चाल खेळायची. सोंगटीला नुसता हात लागला तरी प्रस्ताव मोडला. थंडोबाने हात मांडीवर ठेवले आणि सवयीने पट वाचायला घेतला. इतका वेळ त्याने पटाकडे नुसतं बघितलं होतं, वाचला नव्हता. आणि तिसऱ्या मिनिटाला त्याला दिसलं. साहेबांचा तो हत्ती जिथून उठला होता तिथे मागे भोक पडलं होतं. आपला हत्ती तिथल्या प्याद्यावर द्यायचा. राजाने तो मारलाच पाहिजे, मग घोड्याचा शह, राजा कोपऱ्यात, मग वजीर. सहाव्या चालीला संपलं. त्याने परत तपासलं. दुसरी वाट धरली तर? चार चालींत संपलं. त्याने तिसऱ्यांदा तपासलं, धंदेवाईक माणूस तपासतो तसं, कुठे फट मिळावी म्हणून. फट नव्हती. सुरेख डाव होता तो. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याला इतकं स्वच्छ काही सुचलं नव्हतं. अंगावर काटा आला, लहानपणी वरणाच्या ताटावर यायचा तसा, आणि त्याला वाटलं, हा काटा एवढा एकच घेऊन जावा. खेळून दाखवलं की तो कंपनीचा होतो, वर्तमानपत्राचा होतो, पुढच्या वर्षाचा होतो.

त्याने उजवा हात उचलला. तो हत्तीच्या डोक्यावरून गेला, घोड्याला न लागता गेला, आणि साहेबांच्या समोर जाऊन थांबला. साहेबांनी तो दोन्ही हातांत धरला. पंचाने येऊन कागदावर अर्धा-अर्धा लिहिला. थंडोबाने सही केली. मग तो वाट बघत बसला, आता पोटातून कळ येईल, आता कपाळात कुणी घण घालेल, आपण काय करून बसलो म्हणून. काही आलं नाही. उपाहारगृहातल्या थंड पाण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, ती सकाळपासून चालू असली पाहिजे. फरशीला फिनाइलचा वास होता. खांदे आपोआप खाली आले, इतके की सदरा मोठा झाल्यासारखा वाटला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं तो वर कुठे टांगला होता, कोण जाणे.

डाव झाल्यावर दोघांनी मिळून तो परत लावून बघायचा, अशी खेळाडूंची रीत आहे. तेव्हा चाली मागे घेता येतात, बोलता येतं, कुणी काही म्हणत नाही. साहेबांना डावापेक्षा यातच जास्त गोडी. त्यांनी सोंगट्या भराभर मागे नेल्या, पुढे आणल्या, "इथे मी गाढवपणा केला," "इथे तू झोपला होतास," असं चाललं होतं. शेवटच्या मांडणीपाशी आले, आपल्या हत्तीमागच्या भोकाकडे बघून थांबले, आणि मग स्वतःच थंडोबाचा हत्ती उचलून त्या प्याद्यावर ठेवला. राजा हलवला. घोडा हलवला. वजिराला हात लावायची गरज पडली नाही.

"अरे," ते म्हणाले, "मी मेलोच होतो की."

"हो का? बघू," थंडोबा पुढे वाकला. "खरंच की. वेळ कमी होता, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नऊ मिनिटं होती तुझ्याकडे."

त्याने घोडा परत जागेवर ठेवला. साहेबांनीही पुढे विचारलं नाही. त्यांनी सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या, काळ्या एका बाजूला, पांढऱ्या एका बाजूला, आणि भरता भरता त्याच्या खांद्यावर एकदा हात थोपटला. दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणाले, "येत जा रे सुटीच्या दिवशी. असंच. खेळायला."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. छापखान्याच्या भिंतीला लागून सायकली उभ्या होत्या, एक माणूस दुकानाच्या काचा पुसत होता. थंडोबा सावली बघून उभा राहिला. आता वडिलांना फोन करायचा होता. शहात्तर वर्षांचे वडील ताईकडे राहतात, आणि डाव संपल्यावर पहिला फोन त्यांना, हा नेम पंचवीस वर्षांत चुकला नव्हता. कंपनीला काय सांगायचं ते सोपं होतं, आकडा आपोआप कळतो. बायकोला काही सांगावंच लागणार नव्हतं. पण यांना काय सांगायचं? बरोबरी झाली, एवढं सांगून सुटता आलं असतं. चार दिवसांनी तिसऱ्या मजल्याचंही सांगता आलं असतं, नशीब म्हणून. पण ते पुढचा प्रश्न विचारणार हे त्याला माहीत होतं. त्याने फोन लावला. घंटा एकदाच वाजली.

"हं. काय झालं?"

"बरोबरी, बाबा."

वडिलांनी श्वास घेतलेला ऐकू आला. "डाव होता का त्यात?"

नेहमीचा प्रश्न. जिंकायची वाट होती का, असा त्याचा अर्थ. आणि पंचवीस वर्षांत याचं उत्तर ठरलेलं होतं, नव्हता, बाबा. असला तरी नव्हता. कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर.

"होता," थंडोबा म्हणाला. "स्वच्छ होता. मला दिसला होता. मी घेतला नाही."

पलीकडे ताईच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढा आवाज.

"का रे?"

"कंटाळा आलाय, बाबा."

"आजच्या डावाचा?"

"नाही. सगळ्याचा." आता निघालंच आहे तर पूर्ण निघू दे, असं म्हणून त्याने पुढचंही सांगितलं. "तेरा वर्षं झाली. मला आता खेळायचं नाही. पहिल्या तारखेपासून ऑफिसात बसणार आहे."

थंडोबाने समोरच्या माणसाला एक अख्खी काच पुसून होईपर्यंत पाहिलं. घोर निराशेचे, पडलेल्या आवाजातले शब्द येतील, त्यांना काय उत्तर द्यायचं याची तो जुळवाजुळव करत होता, आणि एकही शब्द जुळत नव्हता.

"तेरा वर्षं," वडील शेवटी म्हणाले. "मग तोंडाने सांगायचं नाही का, गाढवा? सूनबाई एकदा बोलून गेली, हा डावाच्या दिवशी काही खात नाही. तेव्हापासून मी इथे तुझा फोन येईपर्यंत उपाशी बसतोय. साखर आहे मला. डॉक्टर ओरडतो, ताई ओरडते. म्हटलं, पोरगा तिथे रिकाम्या पोटी बसलाय, आपल्या घशाखाली घास कसा उतरायचा."

"मला काय माहीत, बाबा?"

"तुला कुठून माहीत असणार? मी तरी तुला कधी काय विचारलं?" ते खाकरले आणि फोन तोंडापासून लांब धरून ताईला म्हणाले, "अगं, वाढ. नाही, हरला नाही. संपलं ते. आता कधी थांबायचं नाही, रोज वेळेवर वाढायचं." मग परत फोनमध्ये म्हणाले, "ठेव आता. भूक लागलीय मला."